हॉलला ऑफव्हाइट लावताय? आधी हे वाचा
शेडकार्डवरचा बोटभर चौकोन बघून ऑफव्हाइट फायनल करू नका राव, छोटा सॅम्पल डबा आणा आणि दोन भिंतींवर दोन-दोन फुटाचे पट्टे दोन कोट मारून ठेवा, मग सकाळी, दुपारी आणि रात्री लाईट लावून बघा. कारण तोच क्रीम ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे लाईटीच्या रंगाचं माप) पांढऱ्या एलईडीत फिका-निळसर दिसतो आणि ३००० च्या पिवळ्या लाईटीत पार श्रीखंड! उत्तरेकडच्या खोलीत ऊन कमी, तिथे पिवळसर झाक असलेलाच घ्या, राखाडी उदास वाटतो. ओल असेल तर आधी गळती काढा, मग पुट्टी, घासकाम, प्रायमर. पोरं असतील तर वॉशेबलच, आमच्याकडे आठवड्यात क्रेयॉन उमटले होते. सिलिंग पांढरंच ठेवा. पडदे गडद चालतील.