फिटनेस चाचणीत या चुका टाळा, नाहीतर वहीतले आकडे खोटे पडतील

खेलो इंडियाच्या शाळेतल्या फिटनेस चाचणीत चौथीपासून पुढे उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणं, अर्धे सिट-अप आणि पुश-अप. पहिली ते तिसरीला उंची-वजन, फ्लेमिंगो तोल (एका पायावर तोल सांभाळणं) आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना आळीपाळीने झटपट हात लावणं). यादी आपल्या सगळ्या पी.टी. शिक्षकांना पाठ आहे. घोळ होतो तो मैदानावर.

६०० मीटर खरंच ६०० आहेत का?

२०० मीटरचा ट्रॅक फार थोड्या शाळांकडे असतो. मग आपण ४० बाय २० मीटरचा आयत आखतो: फेरी १२० मीटरची, पाच फेऱ्यांत काम झालं. पण दुसऱ्या बॅचपर्यंत फक्की पुसलेली असते आणि कोपऱ्यावरची वीट कुणीतरी लाथाडलेली असते. मुलं रेषेच्या एक मीटर आतून पळाली, तर फेरी ११२ मीटरची होते. पाच फेऱ्यांत ४० मीटर गायब! जुलैपेक्षा जानेवारीत अख्खा वर्ग सुधारलेला दिसला, की शाबासकी देण्याआधी मी फीत काढतो. कोपऱ्यांवर चार मुलं उभी करा. फेरी पूर्ण झाली की पळणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आइस्क्रीमची काडी द्या, मोजणी चुकत नाही.

५० मीटरला वेगळी चूक होते. आपण शेवटच्या रेषेवर उभे असतो आणि शिट्टी ऐकून स्टॉपवॉच दाबतो. आवाज ५० मीटर यायला साधारण ०.१५ सेकंद घेतो. इतक्या छोट्या धावेत हा फरक लहान नाही. सुरुवातीला रुमाल खाली करायला सांगा आणि तो पाहून बटण दाबा. मुलं रेषेआधीच वेग कमी करतात, म्हणून पुढे पाच-सात मीटरवर प्लास्टिकचा कोन ठेवा आणि ‘तिथपर्यंत पळ’ म्हणा.

वजन मोठ्याने पुकारू नका

ही चूक मला सगळ्यांत जास्त टोचते. वजनकाट्यापाशी चाळीस मुलांची रांग, सर आकडा ओरडतात, मॉनिटर लिहितो. मागून कुणीतरी हसतं. त्या क्षणापासून ते मूल पी.टी.च्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसायला लागतं आणि ज्याला व्यायामाची खरी गरज, तेच मैदानाबाहेर जातं. काटा भिंतीआड ठेवा, एकेकाला बोलवा आणि स्वतः लिहा. मुलींसाठी शिक्षिका असाव्यात.

माप घेताना बूट काढायला लावा, अंबाडा किंवा उंच पोनी सोडायला सांगा. ३५ किलोच्या मुलाची उंची १४० सेंटिमीटर असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) १७.९ येतो; बुटामुळे १४२ लिहिली तर १७.४. आणि मोठ्यांचा ‘१८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन’ हा निकष मुलांना लावू नका. वाढत्या वयात वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता बघावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते त्यासाठीच आहेत. तक्ता न बघता पाचवीतल्या धडधाकट मुलाला ‘कमी वजन’ असा शिक्का बसलेला मी पाहिला आहे.

वेळ आणि पोट

सकाळच्या शाळेत बरीच मुलं उपाशी येतात. दुपारी खिचडी खाल्ल्यावर लगेच पळवलं तर ओकारी ठरलेली. दोन्ही वेळा टाळा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते पालकांकडून आधीच लिहून घ्या. ६०० मीटर चालत पूर्ण केलं तरी चालतं, हे मुलांना मोठ्याने सांगा. पुकारायचंच असेल तर हे पुकारा.

बसून पुढे वाकताना हिसका नको, गुडघे सरळ हवेत. दोन सेकंद थांबता आलं तरच आकडा लिहा.

तुलना शेजाऱ्याशी नको, स्वतःच्याच कार्डाशी

आठवीतल्या एका मुलीचा पुढे वाकण्याचा आकडा सहा महिन्यांत तीन सेंटिमीटरने मागे आला आणि ती रडवेली झाली. आम्ही तिचं कार्ड काढलं. त्याच काळात उंची पाच सेंटिमीटरने वाढली होती. पाय लांब झाले आणि हात त्या मानाने मागे राहिले, तर पट्टीवरचा आकडा मागे येऊ शकतो, हे तिला कार्डावरच्या उंचीच्या आणि वाकण्याच्या रांगेवर बोट ठेवून दाखवलं. जूनमध्ये ती स्वतःहून पहिली बसली.