थकबाकीचं बिल आलं की आधी मीटरपाशी जा

मागच्या वर्षी आमच्या विजेच्या बिलावर ‘मागील थकबाकी’ अशी ओळ आली. माझ्या समजुतीने एकही महिना चुकला नव्हता, आणि रक्कम नेहमीच्या पाचपट. बाबा म्हणाले, ‘भरून टाक, नाहीतर वीज तोडतील.’ मी तशीच मीटरपाशी गेले.

मीटर क्रमांक बिलावरचाच आहे ना, ते आधी पाहा. मग बिलातलं ‘चालू रीडिंग’ मीटरशी ताडा. मीटरचा आकडा बिलापेक्षा कमी असेल तर रीडिंगच चुकलंय. फोटो काढून ठेवा.

आमचं रीडिंग बरोबर निघालं. जुनी बिलं ओळीने मांडली तेव्हा उलगडा झाला. सात महिने कुणी रीडिंग घेतलंच नव्हतं, सरासरी युनिट लावले होते. खरा वापर जास्त होता, तो आठव्या बिलात एकदम आला आणि ते बिल आमच्या बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर गेलं. वापर वाढला की दर चढत असेल, तर इथे नीट लक्ष द्या: सात महिन्यांचा वापर एकाच महिन्यात धरला की विनाकारण वरचा दर लागतो. युनिट त्या त्या महिन्यांत विभागून हिशेब करा, असं वीज कंपनीला द्यायच्या तक्रार अर्जात स्पष्ट लिहा. आमची रक्कम या एका मागणीने सर्वांत जास्त उतरली.

रीडिंग दर महिन्याला झालेलं असेल तर घरातलं सगळं बंद करून मीटर बघा, तरी युनिट पळतायत का. पाण्याचं बिल असेल तर नळ बंद ठेवून तासाभराने आकडा पाहा. हलला तर गळती आहे.

अर्ज देय तारखेच्या आत द्या आणि पोच घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. नेहमीइतकी रक्कम ‘तक्रार राखून’, म्हणजे तक्रार मागे न घेता, भरायची तयारी दाखवा, उरलेल्याचे हप्ते मागा आणि निकाल लागेपर्यंत जोडणी तोडू नये हेही त्याच अर्जात लिहा. या काळात ‘आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकला हात लावू नका, बिलावर छापलेल्या नंबरवरच विचारा.

शेवटचा हप्ता भरला की बाकी शून्य असल्याचं लेखी घ्या. आमच्या पुढच्या बिलात विलंब आकार पुन्हा लागला होता, तो त्या कागदामुळेच रद्द झाला.