थंडीतली परसातली कोंबडी: खुराडं झाका, कोंडू नका

निफाडचा पारा बातम्यांत आला की गावोगाव खुराड्यांवर ताडपत्र्या आणि खताच्या रिकाम्या गोण्या चढतात. चारही बाजू पक्क्या, कुठं फट दिसली तर चिंधीचा बोळा. पौष सरेपर्यंत त्याच घरांतून ऐकू येतं, कोंबड्यांना थंडी बाधली, मेल्या. बहुतेक ठिकाणी थंडीचा दोष थोडा आणि कोंडण्याचा जास्त असतो.

अंगभर पिसं आलेली मोठी कोंबडी, मग ती गावरान असो, गिरिराज असो की वनराज, आपल्याकडची कोरडी थंडी काढते. तिच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुगवून ती ऊब धरून ठेवते. तिला सोसत नाही तो अंगावर थेट येणारा वारा, खाली अंथरलेलं ओलं तूस आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया, म्हणजे नाकाला झोंबणारा वायू. खुराडं गच्च बंद केलं की वारा थांबतो, पण ओल आणि अमोनिया आतच राहतात. रात्रभरच्या श्वासाची वाफ ताडपत्रीला लागून तिचं पाणी होतं, ते तुसात उतरतं, भिजल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. मग डोळ्यांत फेस, शिंका, रात्री घरघर, तोंडाला सूज. ओल्या तुसात रक्ती हगवण फोफावते ती वेगळीच, आणि ती आधी पिल्लं आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, नेते.

सकाळी कोंबड्या सोडण्याआधी ताडपत्रीच्या आतून हात फिरवा. हात ओला झाला तर खुराडं कोंडलंय. मग उकिडवे बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर आणा. माणसाला अमोनियाचा वास जाणवतो तेव्हा तो साधारण 20 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 20 भाग) घरात गेलेला असतो, आणि 25 च्या वर तो जाऊ द्यायचा नाही. रोज तिथं वावरणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून शेजारच्या पोराला वाकून वास घ्यायला सांगा. मूठभर तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते बदलायला झालंय.

झाकायचं कसं? वाऱ्याची बाजू खालपासून, दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर येईल इतकी बंद करा. त्याच्यावर, छपराला लागून, वीतभर फट मोकळी ठेवा, जमलं तर समोरासमोर दोन्ही बाजूंना. फटीला जाळी हवीच, मुंगूस आणि रानमांजर वाट बघत असतात. प्लास्टिकपेक्षा गोणपाट बरं. ऊन वर आलं की पडदे गुंडाळून टाका. ढगाळ दिवशी, धुक्याच्या सकाळीही गुंडाळा. त्याच दिवशी कंटाळा होतो आणि त्याच दिवशी आत जास्त ओल धरते.

तूस 4 ते 6 इंच ठेवा, रोज खालीवर करा, पाण्याच्या भांड्याखालची ढेप उचलून उकिरड्यावर टाका. चुना भुरभुरायचा तर कोंबड्या बाहेर असताना, कारण ओल्या विष्ठेवर चुना पडला की आधी अमोनिया उसळतो.

पिल्लांचा हिशोब वेगळा. पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढं दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पिल्लामागे 2 वॅट धरून जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. बल्बखाली पिल्लांचा ढीग झाला तर थंडी आहे, कडेला पळाली तर उष्णता. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. धुराशिवायही कार्बन मोनॉक्साईडनं रात्रीत सगळी पिल्लं जातात.

आता दुकानदाराच्या बाटल्या. अंडी कमी झाली की लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, ‘इम्युनिटी’ असं सगळं पिशवीत येतं. डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम 11 तासांचा. भरात अंडी द्यायला कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. त्यात पिसं गळत असतील तर ती थांबणारच. बाटलीत उजेड नसतो. रक्ती हगवणीला डॉक्टरांनी अॅम्प्रोलियम 20 टक्के पावडर दिली तर लिटरला 1.2 ग्रॅम, 5 ते 7 दिवस. त्याच पाण्यात दुकानदार बी-कॉम्प्लेक्स घालायला सांगतो, ते घालू नका. त्यातलं बी-1 औषधाचा जोर मोडतं. लसूण ठेचून द्यायला हरकत नाही, पण त्यानं सर्दी गेलेली मी पाहिली नाही. संध्याकाळी मूठभर अख्खा मका टाकला की कोंबड्या रात्री शांत राहतात, हा माझा अनुभव. मका बुरशीचा नको.

बाकी नेहमीचं:
- मानमोडी (राणीखेत): लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी, पुन्हा चौथ्या आठवड्यात, आर टू बी ही दुसरी लस 8 व्या आठवड्यात 0.5 मिली, पंखाजवळ कातडीखाली. सरकारी दवाखान्यात विचारा, लस बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा.
- लस फक्त धडधाकट पक्ष्यांना.
- जंताचं औषध डॉक्टरांना विचारून.
- सकाळी कोमट पाणी, भांडी रोज घासून.
- नवीन आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी.

जानेवारी-फेब्रुवारीत बर्ड फ्लूवरही डोळा ठेवा. 2006 मध्ये नवापूर, 2021 मध्ये परभणीचं मुरुंबा, दोन्ही वेळा हेच दिवस होते. एकाएकी चार-सहा कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर ‘थंडी लागली’ म्हणून सोडून देऊ नका. मेलेली कोंबडी चिरू नका, खाऊ नका, नाल्यात फेकू नका, उरलेल्या घाईनं बाजारात नेऊ नका. पोरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.