क्षयरोग बरा झाल्यावर उरलेल्या दम्यासारख्या धापेसाठी काय करावे

औषधांचा कोर्स संपला, थुंकीत जंतू उरले नाहीत, तरीही इंदूरच्या रामबागेतल्या घराचा जिना चढताना धाप लागते, असे पुष्कळ रुग्ण सांगतात. जंतू मेले तरी त्यांनी केलेले व्रण, पोकळ्या आणि कायमच्या सैल पडलेल्या श्वासनलिका तशाच राहतात. त्या पूर्ववत करणारे औषध नाही. उरलेल्या फुफ्फुसावर भागवण्याची शरीराला सवय लावणे हेच पुनर्वसनाचे काम आहे.

आरंभापूर्वी थुंकी पुन्हा तपासून रोग उलटलेला नाही याची खात्री करावी आणि छातीरोगतज्ज्ञांकडून स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) व 6 मिनिटे चालण्याची चाचणी करून घ्यावी, कारण व्यायाम किती असावा हे त्यावरून ठरते.

सकाळी, काही खाण्यापूर्वी, कफ काढावा. प्रथम शांतपणे श्वास घ्यावेत, मग तीन-चार दीर्घ श्वास घेऊन प्रत्येक वेळी 3 सेकंद रोखावा, आणि शेवटी चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर सोडतो तसा, तोंड उघडे ठेवून, परंतु अधिक जोराने 'हाः' करून श्वास बाहेर टाकावा. हे आवर्तन 10 ते 15 मिनिटे करावे. नुसते खोकत राहिल्याने माणूस थकतो आणि कफ मात्र जागेवरच राहतो.

त्यानंतर सपाटीवर, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे. 10 मिनिटांपासून हळूहळू 30 मिनिटांपर्यंत, आठवड्यातून 5 दिवस, निदान 8 आठवडे हा क्रम ठेवावा. जिन्यावर पाऊल वर टाकताना ओठांचा चंबू करून श्वास सोडावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेल्यास थांबून बसावे व डॉक्टरांना कळवावे. खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम पायांना बळ देतो.

वजन कमी असल्यास सकाळच्या पोह्यांसोबत मोडाची उसळ किंवा अंडे घ्यावे. केवळ पोहे-जिलेबीवर स्नायू भरत नाहीत. विडी-सिगारेट बंद, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, गुलालामुळे दुरूनच पाहावी, इंदूरकराला हे कितीही जड वाटले तरी. फ्लू व न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरोधी) लसींविषयी डॉक्टरांना विचारावे. उपचारानंतर 2 वर्षे दर 6 महिन्यांनी तपासणी चुकवू नये.

थुंकीत रक्त दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवावा. रक्त जास्त असेल तर, कोणत्या बाजूचे फुफ्फुस खराब आहे हे माहीत असल्यास, त्याच कुशीवर झोपून रुग्णवाहिका बोलवावी.