कंटेनरातल्या जावावर दुरून नजर ठेवताय? या चुका टाळा

परवा रात्री निपाणीहून मित्राचा फोन. "मर्दा, पोर्ट उघडलाय, फायरवॉल बघितली, तरी जेकॉन्सोल लागंना." जेकॉन्सोल म्हणजे चालू जावा प्रोग्रामची मेमरी, थ्रेड दाखवणारं टूल. ॲप्लिकेशन मुंबईच्या क्लाउडमध्ये, कंटेनरात, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क असलेल्या बंदिस्त डब्यात. एरर वाचून दाखव म्हटलं, तर १७२.१७.०.२ या पत्त्यावर टाइमआउट. हा डॉकरच्या, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आतल्या नेटवर्कचा पत्ता. निपाणीच्या लॅपटॉपला तो कुठून सापडणार?

जेकॉन्सोल ज्यातून आकडे घेतं ते जेएमएक्स (जावाची देखरेखीची सोय) आरएमआयवर (दुसऱ्या जावा प्रोग्रामशी दुरून बोलायच्या पद्धतीवर) चालतं आणि आरएमआयला पोर्ट दोन लागतात. पहिल्या पोर्टवर नुसती चिठ्ठी मिळते: पुढं या पत्त्याला, या पोर्टवर जा. तो पत्ता कंटेनर स्वतःच्या समजुतीनं लिहितो, आणि दुसरा पोर्ट ठरवून दिला नसेल तर दर वेळी नवाच निघतो. बेळगावात नव्या माणसाला "देवळामागं घर आहे" एवढंच सांगावं, तसला प्रकार. म्हणून जेएमएक्स पोर्ट आणि आरएमआय पोर्ट दोन्ही एकच ठेवा, समजा ९०१०. आरएमआयचं होस्टनेम १२७.०.०.१ (म्हणजे 'हेच मशीन') द्या आणि एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित बोगदा) किंवा कुबेक्टलच्या (कुबरनेटिस क्लस्टर हाताळायच्या कमांडच्या) पोर्ट-फॉरवर्डनं आत जा. आपल्या बाजूलाही आकडा ९०१०च हवा. मित्रानं इथं ९०११ घेतला आणि आणखी अर्धा तास घालवला. चिठ्ठीत ९०१० लिहिलंय की!

पासवर्ड आणि एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) बंद करून "पाचच मिनिटं" पोर्ट जगाला उघडा करणं, हे मात्र कुणीच करू नये. उघड्या जेएमएक्समधून बाहेरचा माणूस आपला कोड तुमच्या जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या यंत्रणेत) चालवू शकतो.

एक चूक माझी स्वतःची. जेएमएक्सचे हे सगळे पर्याय मी 'जावा टूल ऑप्शन्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातले. कंटेनरात शिरून जेकमांड (चालू जेव्हीएमला हुकूम द्यायचं टूल) चालवली, तर पोर्ट आधीच वापरात असल्याची तक्रार. जेकमांडसुद्धा जावाच, तिनंही तेच पर्याय उचलले आणि तोच पोर्ट मागितला. जावा ९ पासून 'जेडीके जावा ऑप्शन्स' हे वेगळं व्हेरिएबल आहे, ते फक्त जावा लाँचर (प्रोग्राम सुरू करणारी जावा कमांड) वाचतो. तिथं घाला.

हीपचा (जावा ऑब्जेक्ट्सच्या मेमरीचा) आलेख शांत आणि कंटेनर १३७ कोड देऊन मेला? १२८ अधिक ९, म्हणजे बाहेरून किल झाला, बहुतेक मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळं. मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेडचे स्टॅक, डायरेक्ट बफर हे हीपच्या बाहेर असतात. हीपला डीफॉल्टनं कंटेनरच्या मेमरीचा २५ टक्के वाटा मिळतो. तो कमी वाटला म्हणून कुणी थेट ९० टक्के करतं आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. हीपबाहेरचीही मेमरी मोजणारं नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग जेव्हीएम सुरू करतानाच चालू करावं लागतं, मागाहून नाही.

आणि आमच्या खानापूरकडं जुलैत लाईट गेली की आलेखात खड्डा पडतो. सर्व्हर अडकला म्हणून मी एकदा सरळ रीस्टार्ट मारला होता. अडकलं होतं ते माझं टनेल. आता जेएमएक्स एक्सपोर्टर (जेएमएक्सचे आकडे बाहेर देणारं टूल) एजंट म्हणून जेव्हीएमलाच जोडलाय आणि प्रोमिथियस (आकडे साठवणारं सॉफ्टवेअर) तिथंच, क्लस्टरात, आकडे गोळा करतो. लाईट आली की मागचे तास बघता येतात.