बेंटनचा लिथोग्राफ घेताय? या चुका टाळा

"दादा, बेंटन मिळाला! खरा आहे ना?" असा मेसेज येतो आणि सोबत काचेवर ट्यूबलाइट चमकणारा फोटो. त्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही, आणि विचारणाऱ्याने पैसे तर आधीच दिलेले असतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना थॉमस हार्ट बेंटन, ग्रँट वुड, जॉन स्टुअर्ट करी या अमेरिकन चित्रकारांची ओढ वाटू लागली आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. मिसूरी, आयोवा, कॅन्ससची शेतं, तिथली वादळं आणि राबणारी माणसं या तिघांनी काढली. त्यांची मोठी तैलचित्रं संग्रहालयांत गेली. आपल्या आवाक्यात येतात ते लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रं, आणि त्यातच लोक पुन्हा पुन्हा तेच घोटाळे करतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण बऱ्याच अडचणींचं मूळ तिथे आहे. १९३४ साली रीव्ह्ज लेवेन्थाल यांनी न्यूयॉर्कमध्ये 'असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स' ही चित्रं विकणारी कंपनी सुरू केली. मंदीच्या त्या दिवसांत चित्रकाराची सही असलेला अस्सल लिथोग्राफ ५ डॉलरला मिळू लागला, दुकानात आणि टपालानेही. एका चित्राच्या साधारण २५० प्रती निघत. ही चित्रं साध्या घरांत गेली, स्वस्त पुठ्ठ्यात बसली आणि वर्षानुवर्षं उन्हासमोर टांगलेली राहिली. त्यामुळे चित्र अस्सल असलं तरी कागदाची अवस्था चांगली असेलच असं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सही दिसली की तपासणी थांबवणं. बेंटनच्या पुष्कळ चित्रांत त्याचं नाव मूळ रेखाटनातच, म्हणजे दगडावरच असतं. ते प्रत्येक प्रतीत छापून येतं आणि पुस्तकातून कापलेल्या पानावरही तसंच दिसतं. हवी ती दुसरी सही, चित्राखालच्या कोऱ्या समासात पेन्सिलीने केलेली. कागद उजेडात तिरका धरला की शिशाची चकाकी दिसते. मी मात्र सही सर्वांत शेवटी बघतो, कारण ती एकदा पाहिली की डोळे बाकीचं बघायला तयार नसतात.

आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि चित्रातला करडा भाग शोधायचा, आभाळ किंवा टेकडीचा उतार. दगडावर तेलकट खडूने काढलेल्या चित्रात काळे कण वेडेवाकडे, दगडाच्या खरखरीप्रमाणे विखुरलेले असतात. ऑफसेटच्या, म्हणजे यंत्रावर छापलेल्या, नकलेत ठिपके शिस्तीत, रांगेने येतात. ऑफसेट हे लिथोग्राफीच्याच तत्त्वावर चालतं, म्हणून पोस्टर विकणारेही बिनदिक्कत 'लिथोग्राफ' लिहितात. कोलोटाइप पद्धतीच्या जुन्या नकलांत मात्र ठिपक्यांची जाळी नसते. म्हणून भिंगात जाळी दिसली तर चित्र बाद, पण दिसली नाही तर तेवढ्यावर ते अस्सल ठरत नाही. मग चित्राचं माप क्रीकमोर फॅथ यांनी १९६९ साली काढलेल्या बेंटनच्या लिथोग्राफांच्या सूचीशी ताडायचं. फोनवर दोन मिनिटांत उत्तर हवं असणाऱ्यांना हे सगळं जड वाटतं. ज्यांना एवढं बघायचं नसेल त्यांनी सरळ छापील पोस्टर घ्यावं. त्यातही चित्राचा आनंद आहे, आणि फसवणूक नाही.

दुसरी चूक फ्रेमची. हिच्याबद्दल मला फार तळमळ आहे. एका मित्राला घर रिकामं करताना लावलेल्या विक्रीत बेंटनचा १९३९ चा 'क्रेडलिंग व्हीट' मिळाला. चार माणसं शेतात गव्हाची कापणी करताहेत असं ते चित्र. पेन्सिलीची सही स्पष्ट, चारी बाजूंचे समास शाबूत. दोष एकच, जुन्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने उमटलेली तपकिरी चौकट. कागदाच्या संवर्धकाने, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाने, काही महिने थांबायला सांगितलं. मित्राला मात्र दिवाळीच्या फराळाला पाहुणे येण्याआधी ते भिंतीवर हवं होतं. तो जवळच्या फ्रेमवाल्याकडे गेला. तिथे तयार फ्रेममध्ये बसावं म्हणून समास कापले गेले आणि चित्र उष्णतेने पुठ्ठ्याला कायमचं चिकटवलं गेलं. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर संवर्धकाने जपून काही गोंद सोडवला, पण कापलेला कागद परत कुठून आणणार? लिलावात आता हा लिथोग्राफ 'समास कापलेला, चिकटवलेला' म्हणूनच नोंदला जाईल.

फ्रेमवाल्याला मी तीन गोष्टी कागदावर लिहून देतो: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, काच चित्राला टेकू द्यायची नाही. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने टांगायचं. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा पुठ्ठा दोन्ही आम्लरहित. ऐकून जो हसतो त्याच्या दुकानातून मी चित्र परत घेऊन येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रतीवर क्रमांक नाही म्हणून घाबरू नका, असोसिएटेडच्या प्रतींवर तो सहसा नसतोच. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे, लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा. डाग काढायला घरचं ब्लीच कधीही वापरू नका. नळीत गुंडाळून पाठवायला होकार देऊ नका.

ग्रँट वुडकडे वळणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्याचे लिथोग्राफ जेमतेम १९ आहेत आणि सगळ्यांची प्रतिसंख्या सारखी नाही. 'सल्ट्री नाइट'मध्ये नागव्याने आंघोळ करणारा शेतकरी आहे. टपाल खात्याने ते अश्लील ठरवून पाठवायला नकार दिला, म्हणून त्याच्या १०० प्रतीच निघाल्या. वुडच्या फळाफुलांच्या चित्रांवर हाताने रंग दिले आहेत, ते काम त्याची बहीण नॅन आणि तिच्या नवऱ्याने केलं. हे रंग उन्हाने उडतात, तेव्हा अशी प्रत घेताना माउंटखाली झाकलेली रंगाची कड असेल तर ती उघड्या भागाशी ताडून बघा.

पैसे देण्याआधी फ्रेमबाहेर काढलेल्या चित्राचे पुढून आणि मागून फोटो मागा. विक्रेता नाही म्हणाला तर मी तिथेच थांबतो. २५० प्रती छापलेल्या चित्राची दुसरी प्रत वर्ष-दोन वर्षांत बाजारात येऊ शकते. आणि जुनी फ्रेम उघडाल तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर असोसिएटेडची चिठ्ठी चिकटलेली आहे का ते पाहा. पुठ्ठा फेकण्याआधी तेवढा तुकडा कापून घ्या आणि पॉलिएस्टरच्या पाकिटात, चित्रापासून वेगळा, खरेदीच्या पावतीसोबत ठेवा.