व्हेक्ट्रेक्सवर चित्र थरथरतंय? स्केल निम्मं करा

१९८२ च्या व्हेक्ट्रेक्ससाठी (किरणाने रेषा ओढून चित्र काढणारा गेम कन्सोल) गेम लिहिताना शत्रू वाढले की पडदा लुकलुकायला लागतो. ५० हर्ट्झला एका फ्रेममागे ६८०९ प्रोसेसरला साधारण ३०,००० सायकल मिळतात. त्यातल्या बऱ्याचशा सायकल रेषा ओढण्यातच जातात. आकृत्या कमी करण्याआधी हे करून बघा:

१. रेषा ओढायला लागणारा वेळ स्केलवर (किरण किती वेळ फिरतो ते ठरवणारी किंमत) ठरतो, रेषेच्या आकड्यांवर नाही. म्हणून टायमर-१ (हा वेळ मोजणारा टायमर) मधलं स्केल निम्मं करा आणि व्हेक्टर-यादीतले (आकृतीच्या रेषांची यादी) सगळे आकडे दुप्पट. स्केल ८० वर (४०, २०) असेल, तर स्केल ४० वर (८०, ४०). लांबी तीच, ओढण्याचा वेळ निम्मा. शिवाय आकडे मोठे झाल्यामुळे आकृतीत बारकावेही जास्त घालता येतात.

२. आकृतीच्या जागेवर जाण्यासाठी मात्र मोठंच स्केल ठेवा, नाहीतर किरण कडेपर्यंत पोचणार नाही. मूव्ह झाल्यावर स्केल उतरवा.

३. प्रत्येक आकृतीआधी रीसेट-झिरो-रेफ (किरण पुन्हा मध्यावर आणणारं तयार रूटीन) बोलवा. हे सायकल वाचवायच्या मोहात अजिबात गाळू नका, चित्र सरकत जातं.

जपायचं ते एवढंच: आकडा -१२८ ते १२७ च्या बाहेर गेला तर रेषा उलट्या दिशेला पळते. किरण वेगाने फिरल्यामुळे रेषा फिकट होते, तेव्हा इंटेन्सिटी (किरणाची चमक) थोडी चढवा. ती एम्युलेटरवर (संगणकावरची नक्कल) नको, खऱ्या पडद्यावरच ठरवा.